परतीची गाडी आधी बघा

मार्च उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाच्या मुलीची परीक्षा संपत आलेली असते, कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार असतात, कुणाचा मुलगा जर्मनीत शिकत असतो आणि त्याला भेटायला निघालेले आई-वडील जाता जाता चार दिवस इटलीत काढणार असतात. मी काही टूर कंपनी चालवत नाही. दोन-तीनदा जाऊन आले, हातात नकाशा असूनही चुकले, एवढीच माझी पात्रता. तरी लोक विचारतात, आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "फ्लॉरेन्समध्ये चार रात्री आहेत. त्यात पिसा, सिएना, चिंक्वे तेर्रे आणि जमलं तर व्हेनिस, एवढं बसेल ना?"

बसेल. बॅगेत कपडे बसतात तसं बसेल. वरून गुडघा टेकवायचा, दोघांनी मिळून चेन ओढायची. बॅग बंद होते. फक्त आतल्या एकाही कपड्याची घडी शाबूत राहत नाही.

आपल्याकडे परदेशातून आलेला माणूस "आम्ही युरोप केला" असं म्हणतो. वर्षश्राद्ध केलं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं, तसा युरोप केला. हे 'करणं' डोक्यात बसलं की सहलीचा कागद म्हणजे कामांची यादी होते आणि एकेका गावापुढे बरोबरची खूण करत माणूस पळत सुटतो. एक ना धड, भाराभर चिंध्या. म्हणून यंदा सगळ्यांना एकदाच लिहून सांगायचं ठरवलं. सांगायचं एवढंच की मुक्काम छोटा असेल तर शहराबाहेरचं गाव एकच निवडा. आणि ते नावाच्या मोठेपणावर निवडू नका. घड्याळ बघून आणि बरोबरच्या माणसांकडे बघून निवडा.

आधी हिशेब करू. चार रात्री म्हणजे चार दिवस नव्हेत. पोचायचा दिवस विमानतळ, बॅगा आणि हॉटेलची किल्ली यांतच संपतो. निघायचा दिवस तर धरायचाच नाही. हातात राहतात तीन. त्यांत उफ्फिझी संग्रहालयाला अर्धा दिवस, मायकेलअँजेलोच्या डेव्हिडला एक सकाळ, ब्रुनेलेस्कीने १४३६ साली पुरा केलेला घुमट, नदीपलीकडची वस्ती आणि एखादी निवांत संध्याकाळ. दोन दिवस गेले. उरलेला तिसरा दिवस खुशाल बाहेर द्या. उलट द्यावाच, असं मी म्हणेन. फ्लॉरेन्सची मध्यवस्ती लहान आणि दगडी आहे. दोन दिवस त्याच गर्दीतून चाललं की डोळे आणि पाय दोन्ही थकतात. तिसऱ्या दिवशी थोडं मोकळं आकाश मिळालं तर बरं वाटतं. पण दिवस एकच आहे, हे विसरायचं नाही.

हे शहाणपण मी विकत घेतलेलं आहे. पहिल्या खेपेला आम्ही फ्लॉरेन्सहून एका दिवसात चिंक्वे तेर्रे करायला निघालो. चिंक्वे तेर्रे म्हणजे समुद्राच्या कड्यावर वसलेली पाच गावं : मोन्तेरोस्सो, व्हेरनात्झा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. रंगीत घरांचे त्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. बरोबर माझ्या सासूबाई होत्या, वय बहात्तर. सकाळी आठला हॉटेल सोडलं. रात्री आठला परत यायचं, म्हणजे हातात बारा तास. जाऊन-येऊन गाडीत पाच तास, वाटेत ला स्पेत्सियाला गाडी बदलणं त्यातच आलं. हॉटेल ते स्टेशन आणि परत, एक तास. गावातून गावात जाणाऱ्या लोकल गाड्या आणि त्यांची वाट पाहणं, दीड तास. जेवणाला एक. राहिले साडेतीन तास. पाच गावांत वाटले तर एका गावाला बेचाळीस मिनिटं. हा हिशेब मी परत आल्यावर केला. जाण्याआधी केला असता तर गेलेच नसते.

कोर्निल्याला उतरलो तर गाव वर डोंगरावर आणि स्टेशनवरून वर चढायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या. बस होती, पण ती नुकतीच गेली होती. आई खालीच बाकावर बसल्या. आम्ही धापा टाकत वर गेलो, दोन फोटो काढले आणि खाली कुणीतरी आपली वाट बघत बसलंय या विचाराने तसेच उतरलो. संध्याकाळी परतीची जोडगाडी डोळ्यांदेखत सुटली. पुढच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसलो असताना आई शांतपणे म्हणाल्या, "अगं, समुद्र कुठं पाहिला आपण? बोगदेच पाहिले." खरंच होतं. त्या पाच गावांमधली रेल्वे बहुतेक डोंगराच्या पोटातूनच जाते.

गावं सुंदर आहेत, यात शंका नाही. पण ती मुक्कामाला जायची गावं आहेत. सकाळी गर्दी येण्याआधी आणि संध्याकाळी ती गेल्यावर त्यांचं खरं रूप दिसतं. फ्लॉरेन्सहून एका दिवसात जाणारा माणूस नेमका मधल्या गर्दीच्या वेळी तिथे असतो.

तेव्हापासून मी गाव निवडताना चार गोष्टी बघते. तुम्हीही बघा.

पहिली गोष्ट परतीची. जायची गाडी सगळेच बघतात, परतीची कुणी बघत नाही. सकाळी गाड्या भरपूर असतात. संध्याकाळी, त्यातून रविवारी, लहान गावांची बस लवकर संपते. इटलीतल्या बसथांब्यावरच्या वेळापत्रकात दोन शब्द असतात : 'फेरियाले' आणि 'फेस्तिवो'. फेरियाले ऐकलं की सुट्टीचा दिवस असावा असं वाटतं, पण अर्थ अगदी उलटा आहे. फेरियाले म्हणजे कामाचे दिवस, सोमवार ते शनिवार. फेस्तिवो म्हणजे रविवार आणि सणवार. हे दोन शब्द पाठ केले तरी एखादी संध्याकाळ वाचेल. आणि वेळ मोजायची ती दारापासून दारापर्यंत. "गाडीने एक तास" म्हणजे हॉटेलपासून त्या गावच्या चौकापर्यंत पावणेदोन तास धरा. गाडीतला प्रवास एका बाजूने दीड तासाच्या वर जात असेल तर ते गाव या खेपेला सोडा.

दुसरी गोष्ट, बरोबर कोण आहे. फ्लॉरेन्सच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. आदल्या दिवशी त्या चढून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी डोंगरावरच्या गावात नेऊ नका. गुडघेदुखी असलेले आई-बाबा असतील तर सपाट गाव निवडा. सहा वर्षांचं पोर असेल तर जिथे पळायला हिरवळ आहे ते गाव निवडा. नवराबायको दोघंच असाल तर कुठेही जा, फक्त सकाळी उठण्यावरून आदल्या रात्रीच काय ते बोलून घ्या.

तिसरी गोष्ट, मुक्कामाच्या शहरात जे नाही ते बघा. फ्लॉरेन्स चित्रं देतं, चर्च देतं, श्रीमंतांचे वाडे देतं. दोन दिवस पोटभर चित्रं पाहिल्यावर तिसऱ्या दिवशी आणखी एका चित्रसंग्रहालयाच्या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही.

चौथी गोष्ट वाराची. उफ्फिझी आणि डेव्हिडचं आकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. म्हणजे मुक्कामात सोमवार येत असेल तर बाहेरगावचा दिवस तोच. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. त्या दिवशी तिथली रांग बघून मला आपल्याकडच्या सेलची आठवण झाली. फुकटचा मोह सोडून त्याही दिवशी शहराबाहेर पडायला हरकत नाही.

आता एकेक गाव घेऊ.

पिसा. याच्याकडे नाक मुरडायची फॅशन आहे. "काय तो वाकडा मनोरा, हाताने ढकलल्याचा फोटो काढायचा आणि यायचं." मला तसं वाटत नाही. फ्लॉरेन्सहून साधारण तासाभराचा प्रवास, साध्या गाड्या सारख्या असतात, आणि समोर येतं ते हिरव्यागार गवतावर उभं असलेलं पांढरं संगमरवरी कॅथेड्रल, गोल बाप्तिस्मागृह आणि मनोरा. मनोऱ्याचं काम ११७३ साली सुरू झालं आणि तिसऱ्या मजल्याच्या आसपासच तो मऊ जमिनीत कलायला लागला. १९९० साली तो पडेल या भीतीने बंद केला. मग इंजिनिअरांनी काय केलं? कललेल्या बाजूला टेकू दिला नाही, तर विरुद्ध बाजूच्या पायाखालची माती हळूहळू काढली. मनोरा थोडासा मागे सरला आणि २००१ साली पुन्हा उघडला. एवढं सांगून पोराला त्याच्यापुढे उभं करा. फोटोपेक्षा ते जास्त लक्षात राहील. वर चढायचं असेल तर वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं आणि आठ वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत. घरून निघतानाच हे बघा, नाहीतर दारात रडारड होते. एक सोय सांगते : मोठ्या स्टेशनवरून मनोरा वीस-पंचवीस मिनिटं चालत आहे, सान रोस्सोरे या छोट्या स्टेशनवरून मात्र अगदी जवळ. तिथे थांबणारी गाडी मिळाली तर पायपीट वाचते.

पिसात खायची एक गोष्ट चुकवू नका. तिचं नाव चेचीना. चण्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल एवढंच. मोठ्या गोल तांब्याच्या परातीत पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. वरून खरपूस, आतून मऊ. पिझ्झाच्या दुकानात कागदावर तुकडा कापून देतात, वर मिरपूड भुरभुरतात. पहिला घास घेतला आणि सासूबाई म्हणाल्या, "हे तर आपलं धिरडंच की. फक्त ओवा घालायला विसरलेत." शाकाहारी माणसाला परक्या मुलखात यापेक्षा मोठा दिलासा नाही.

लुक्का. गर्दीला कंटाळलेल्यांसाठी आणि गुडघ्यांसाठी हे गाव. सगळं सपाट. गावाभोवती साधारण चार किलोमीटरचा तट आहे, सोळाव्या-सतराव्या शतकातला आणि अखंड. इतका रुंद की वर झाडं लावून फिरायचा रस्ता केलाय. सायकली भाड्याने मिळतात. तटावरून अख्ख्या गावाला प्रदक्षिणा घालता येते, एका हाताला लाल कौलं आणि परसदारी वाळत घातलेले कपडे, दुसऱ्या हाताला दूरचे डोंगर. आत एक लंबगोल चौक आहे. तिथे पूर्वी रोमन लोकांचं रंगमंडळ होतं. त्याच्याच भिंतींवर लोकांनी घरं बांधली, म्हणून चौकाचा आकार तसा राहिला. गाण्याचे शौकीन असाल तर संगीतकार पुच्चिनी याच गावात १८५८ साली जन्मला. लुक्का फ्लॉरेन्सहून सव्वा ते दीड तास आणि पिसाहून अर्धा तास. त्यामुळे माझ्या 'एकच गाव' या नियमाला एकच अपवाद : सकाळी लुक्का, दुपारी पिसा आणि संध्याकाळी पिसाहून परत. हा त्रिकोण न दमता जमतो. त्याला तिसरं गाव मात्र जोडू नका.

सिएना. फ्लॉरेन्सहून एकच दिवस बाहेर आणि पाय धड असतील, तर माझं मत सिएनाला. इथे मात्र रेल्वेच्या नादी लागू नका. स्टेशन डोंगराखाली आहे, तिथून सरकत्या जिन्यांवरून वर यावं लागतं. फ्लॉरेन्सच्या मुख्य स्टेशनाशेजारूनच बस सुटते. तिच्यातली 'रापिदा', म्हणजे जलद बस पकडली की साधारण सव्वा तासात ती जुन्या गावाच्या तोंडाशी सोडते.

सिएना आणि फ्लॉरेन्स ही जुनी वैरी गावं. १२६० साली मोन्तापेर्तीच्या लढाईत सिएनाने फ्लॉरेन्सला धूळ चारली, आणि १५५५ साली वेढ्यात उपासमार सोसून सिएना शेवटी शरण गेलं. मधल्या काळात, १३४८ च्या प्लेगने गावाचं कंबरडं मोडलं. त्या वेळी इथले लोक आपलं कॅथेड्रल प्रचंड मोठं करायला निघाले होते. काम थांबलं ते कायमचं. नियोजित देवळाची एक उंच भिंत तेवढी उभी आहे, पलीकडे आकाश. गाव गरीब राहिलं, नवी बांधकामं झाली नाहीत, म्हणून जुनं रूप टिकलं. एखाद्या गावाचं दुर्दैव पुढच्या लोकांच्या पथ्यावर कसं पडतं, ते त्या भिंतीखाली उभं राहिलं की कळतं.

आणि तिथला चौक, पियात्झा देल कांपो. शिंपल्यासारखा, कडेकडून मध्याकडे उतरत गेलेला, विटांचा. विटांचे नऊ पट्टे आहेत, पूर्वी गावावर राज्य करणाऱ्या नऊ जणांच्या मंडळाची आठवण म्हणून. त्या उतारावर बसायला बाक नाही, खुर्ची नाही. सरळ विटांवर बसायचं. दुपारी त्या ऊन खाऊन गरम झालेल्या असतात. शेजारी कॉलेजची पोरं आडवी झालेली, एखादी आजी नातवाला आइस्क्रीम भरवतेय, मनोऱ्याची सावली हळूहळू चौकभर फिरतेय. आम्ही तिथे दीड तास काही न करता बसलो. अख्ख्या सहलीतला तो दीड तास घरात आजही सगळ्यात जास्त वेळा आठवला जातो. २ जुलै आणि १६ ऑगस्टला याच चौकात घोड्यांची शर्यत होते. तेव्हा उभं राहायलाही जागा नसते. शर्यतच बघायची नसेल तर ते दिवस टाळा.

बोलोन्या. पाऊस पडत असेल तर बोलोन्या. कारण या गावात छत्री लागत नाही. रस्त्यांच्या दोन्ही कडांना कमानींच्या पडव्या, सगळ्या मिळून ६२ किलोमीटर भरतात, आणि २०२१ साली त्या जागतिक वारशाच्या यादीत आल्या. वेगवान गाडीने चाळीसेक मिनिटं, पण खिडकीची जागा मागू नका. जवळजवळ सगळा रस्ता बोगद्यातून आहे. १०८८ पासूनचं विद्यापीठ, विद्यार्थ्यांची वर्दळ आणि खाणं. मांसाहारी असाल तर हे गाव तुमचंच. शाकाहारी असाल तर रिकोत्ता चीज किंवा लाल भोपळा भरलेले 'तोर्तेल्लोनी' मागा. नावात फसू नका : छोट्या 'तोर्तेल्लिनी'त मांस असतं.

आणि कुठेच जायचा उत्साह नसेल तर फिएझोले. शहराच्या सात नंबरच्या बसने अर्ध्या तासात टेकडीवर. रोमन नाट्यगृह आहे, आणि खाली अख्खं फ्लॉरेन्स पसरलेलं दिसतं. दोन-तीन तासांत परत. ज्यांना दुपारी हॉटेलवर येऊन पडायची सवय आहे, त्यांनी संकोच न करता हेच करावं.

व्हेनिस आणि रोम एका दिवसात करू नका. दोन तासांत वेगवान गाडी पोचवते हे खरं, पण ती जोडीला लावायची गावं नव्हेत. शिवाय व्हेनिसने २०२४ पासून, गर्दीच्या ठरावीक दिवशी, मुक्काम न करता येणाऱ्या पाहुण्यांवर प्रवेशशुल्क लावायला सुरुवात केली आहे. त्या गावालाच तुम्ही असे धावत आलेले नको आहात, असाही त्याचा अर्थ घ्यायला हरकत नाही.

द्राक्षमळे बघायला गाडी भाड्याने घ्यावी का, असंही विचारतात. घ्यायची तर घ्या, पण जुन्या गावांच्या आत नेऊ नका. ठरावीक भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कोपऱ्यावर कॅमेरा असतो, आणि दंडाचा कागद तुम्ही घरी पोचून सगळं विसरल्यावर येतो.

आता तिकिटांचं. इटलीत गाड्या दोन जातीच्या. 'रेजिओनाले' म्हणजे साधी गाडी : भाडं ठरलेलं, आरक्षण नाही, आधी काढून काही वाचत नाही. म्हणून पिसा-लुक्काचं तिकीट भारतात बसून काढायची घाई करू नका. सकाळी आभाळ बघा, आईचे पाय बघा, मग ठरवा. कागदी तिकीट असेल तर गाडीत बसण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्या. विसरलात तर तिकीट असूनही दंड होतो. वेगवान गाड्यांचं उलटं आहे. त्यांचं भाडं दिवस जवळ येईल तसं चढतं आणि स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं. बोलोन्याला जाणार असाल तर ते आधी काढा.

संपाला तिथे 'शोपेरो' म्हणतात आणि तो आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक साध्या गाड्या चालवतात. हॉटेलच्या काउंटरवर आदल्या रात्री "उद्या शोपेरो आहे का?" एवढं विचारा. जेवणाचंही घड्याळ आहे. दुपारी अडीचनंतर बरीच स्वयंपाकघरं बंद होतात आणि संध्याकाळी सातशिवाय चूल पेटत नाही. छोट्या गावांतली चर्चसुद्धा दुपारी मिटतात. म्हणून बाहेरगावी सकाळी लवकर निघा. अकराला पोचणारा माणूस बंद दारांचं गाव बघून येतो.

आणखी एक युक्ती. फ्लॉरेन्सनंतर तुम्ही दुसऱ्या शहरात जाणार असाल, तर जोडगाव परतीच्या रस्त्यावर न शोधता पुढच्या रस्त्यावर शोधा. व्हेनिस किंवा मिलानला जाताना बोलोन्या वाटेत आहे. स्टेशनवर बॅगा ठेवायची सोय आहे. चार तास फिरा, जेवा आणि पुढची गाडी पकडा. रोमला जाताना साध्या गाडीने आरेत्सो किंवा ओर्व्हिएतो लागतं. फक्त छोट्या गावात बॅगा कुठे ठेवायच्या ते आधी विचारून घ्या. अशाने परत यायचा वेळ वाचतो.

शेवटी एक जागा सांगते, जी कुठल्याच एजंटच्या यादीत नसते. तिला गाडीही लागत नाही. फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला आर्नो नदीच्या काठाने कास्चिने नावाची लांबलचक बाग आहे. तिच्या पार शेवटच्या टोकाला, मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते तिथे, एक छत्री उभी आहे. छत्रीखाली पागोटं घातलेल्या एका तरुणाचा अर्धपुतळा. तो आपल्या कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचा. १८७० साली ते विलायतेला गेले होते. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथेच गेले. वय अवघं वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली आणि दोन नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. त्या प्रवासातली त्यांची इंग्रजी रोजनिशी १८७२ साली छापून निघाली. १८७४ साली हे स्मारक झालं. शेजारच्या मोठ्या पुलाला आजही 'इंदियानो' म्हणजे भारतीयाचा पूल म्हणतात.

बाग तीन किलोमीटरांहून लांब आहे. ट्रॅमने बागेच्या तोंडाशी उतरून पुढे सरळ चालत जायचं, किंवा सायकल घ्यायची. दिवसाउजेडी जा, ती बाजू निर्जन आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे आमच्याशिवाय एक कुत्रं फिरवणारे आजोबा होते. सासूबाई मूळच्या कोल्हापूरच्या. त्या छत्रीसमोर चपला काढून उभ्या राहिल्या. त्या दिवशी आम्ही दुसरं काहीही पाहिलं नाही, आणि दिवस वाया गेला असं कुणालाही वाटलं नाही.

म्हणून विनंती अशी. तुमचा तो सहलीचा कागद बाहेर काढा. चार नावं असतील तर तीन खोडा. खोडताना जिवावर येईल, पण खोडा. गावं कुठे पळून जात नाहीत. उरलेल्या नावापुढे संध्याकाळच्या परतीच्या गाडीची वेळ लिहा, तिच्या आधीच्या गाडीचीही लिहा. आणि मग तिकिटाला हात घाला.